बकारामचा उपास

रोवणा संपला की चिखल धुवायला
आम्ही एकाच पाटात पाय सोडून बसायचो.
त्याची बांधी वर, माझी खाली,
मधे हातभर रुंदीचा धुरा
आणि त्या धुऱ्यावर तीस वर्षांचं भांडण.

तो म्हणे आवत्या बरा, मजुरी वाचते.
मी म्हणे रोवणाच, लोंबी बघ.
तो म्हणे वेगळं राज्य झालं की सारं सुधरते.
मी म्हणे राज्य राहू दे, आधी तुझी फुटकी पार बुजव,
माझ्या बांधीत पाणी गळते.
मतदानाला एकाच सायकलवर जायचो.
त्याचं मत माझं खोडायचं, माझं त्याचं,
आणि येताना चढावर आळीपाळीनं पायडल.
बायका म्हणत, मग जाता तरी कशाला?

मग चित्ररेखाचं लग्न निघालं.
पोरगा दुसऱ्या जातीचा, तिनंच पाहिलेला,
लाखनीच्या कॉलेजात.
चार माणसांत बकाराम उठून बोलला,
तोंडावर, पाठीमागं नाही:
"हे मले पटत नाही गा.
मी तुज्या मांडवात जेवनार नाई."

नाहीच जेवला.

पण जांभळीच्या फांद्यांचा भारा घेऊन
पहाटे पहिला तोच आला.
पंगत बसली तशी बादली उचलली,
पितळी तांब्यानं पाणी वाढत फिरला,
पुरुषांच्या तीन पंगती, बायकांच्या दोन,
शेवटी वाजंत्र्यांची.
"पाणी घ्या, पाणी," कोरड्या ओठांनी.
कोणी म्हटलं, बकाराम, बस ना आता,
की त्याच्याच पेल्यात पाणी ओतायचा,
काठोकाठ.

माझ्या सख्ख्या भावाला मात्र सगळं पटलं होतं.
"तुझंच बरोबर आहे दादा," म्हणाला,
आणि लग्नाच्या आदल्या सांजेला तुमसरला निघून गेला,
राईस मिलमध्ये काम निघालं म्हणून.
येतो अजून. माझ्याच खाटेवर झोपतो,
उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला सोबत चालतो.
त्या सांजेचं आम्ही बोलत नाही.
तोही एक धुराच,
दोघांनी मिळून राखलेला.

बकारामला जाऊन दोन रोवणे झाले.
बांधी आता त्याचा पोरगा करतो, आवत्या टाकतो.
पार अजून फुटकीच.
पाणी गळत आलं की मी शिवी हासडतो
आणि उत्तर येत नाही.
गावात आता माझं बोलणं सगळ्यांना पटतं.
म्हाताऱ्याला कोण खोडणार?
हो हो म्हणतात, चहा पाजतात,
आणि माझं बोलणं
खुंटा उपटलेल्या गोऱ्ह्यासारखं
भलत्याच्याच वावरात शिरतं.

परवा मंडईला चित्ररेखा आली, पोराला घेऊन.
माझ्या घराआधी गेली रेवतावहिनीकडं.
तिथंच पाट घेतला, तिथंच जेवली.
मी दारातच उभा.
वहिनी म्हणाली, सांगू का भाऊजी,
त्या रात्री घरी येऊन
ताटलीभर शिळा भात खाल्ला यानं, जवसाच्या चटणीसंगं,
नि म्हणे, "पोरगी साजरी दिसत होती.
पर वांग्याच्या भाजीत मीठ कमी होतं."
मी म्हटलं, चाखली होती का?
तर म्हणे, वासावरून सांगतो.

पोरगी हसली. हसता हसता
पदर डोळ्याला लावला तिनं.
मी वहिनीकडं पाहिलंच नाही.

दिवस कलताना धुऱ्यावर गेलो, एकटाच.
पाटात टाचेपुरतं पाणी होतं, पाय सोडले.
पलीकडच्या लोंब्या वाकलेल्या,
आवत्याच्या, तरी भरलेल्या,
हे आपल्या दोघांतच राहू दे.
मग इतक्या मोठ्यानं बोललो की बगळा उडाला:
मीठ बरोबर होतं, बकाराम.
मी स्वतः टाकलं होतं.